परमिट रूमच्या वरच्या हॉलात मोठा पडदा लावायचाय (सांगली), सल्ला द्या

आमराईकर

मंडळी, नमस्कार. एरवी वाचनमात्र असतो, आज काम पडलं म्हणून तोंड उघडतोय.

मामांचं विश्रामबागेत परमिट रूम आहे. नाव लिहीत नाही. ओळखलंत तरी इथे टाकू नका, मामा मला जेवायला बोलवायचे बंद होतील. खाली बार आणि जेवण, वर ४० बाय २२ फुटांचा हॉल. पूर्वी हा हॉल साखरपुडे, सेंडऑफ, कंपन्यांच्या पार्ट्या यांना जायचा. आता सगळ्यांना लॉन पाहिजे, स्टेज पाहिजे, ड्रोन पाहिजे. त्यामुळे वर खुर्च्यांच्या थप्प्या आणि दिवाळीच्या माळा. त्यात २०२५ च्या जूनमध्ये सरकारनं विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, परमिट रूमचा व्हॅट तर त्याआधीच वाढलेला. पेगचा दर बघून गिऱ्हाईक वाईन शॉपची बाटली घेऊन शेतात बसायला लागलंय.

मामेभाऊ पुण्याहून डोक्यात खूळ घेऊन आलाय. वर दीडशे इंची पडदा, प्रोजेक्टर, सोफे, आणि रोज रात्री एक सिनेमा. तिकीट नाही, फक्त खाण्यापिण्याचं बिल. मामा म्हणतात, "सिनेमा बघत बसली तर पिणार कधी?" मामेभाऊ म्हणतो, "तीन तास टेबल सोडणार नाहीत, आणि काय पाहिजे तुम्हाला?" मला दोघांचंही पटतं, म्हणून घरात माझं कोणी ऐकत नाही.

सांगलीत हे चालेल का? परवान्याची काही भानगड आहे का? प्रोजेक्टर कुठला घ्यावा? ओटीटीची खाती घरात आहेतच, त्यावरनंच लावायचा विचार आहे.

भडंगप्रेमी

जागा राखून ठेवतो. चकणा घेऊन आलो.

कोर्टाची_पायरी

चकणा नंतर. आधी ते ओटीटीचं खातं डोक्यातून काढा.

नेटफ्लिक्सच्या अटींत सरळ लिहिलेलं आहे की वापर वैयक्तिक आणि बिगरव्यापारी. घरी वीस पाहुणे बोलावून बघा, कोणी विचारणार नाही. बारमध्ये लावलंत की ते १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या भाषेत लोकांसमोर प्रदर्शन झालं. "तिकीट कुठे घेतोय?" हा युक्तिवाद मी पक्षकारांकडून कायम ऐकतो आणि त्याचा उपयोग शून्य. सिनेमा लावून तुम्ही दारू विकताय, म्हणजे धंदाच. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. मामांना एवढं एकच वाक्य वाचून दाखवा.

दुसरं, जागा. सार्वजनिक ठिकाणी सिनेमा दाखवायचा तर १९५३ च्या महाराष्ट्र सिनेमा नियमन कायद्याखाली परवाना लागतो, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय. करमणूक कर २०१७ ला जीएसटीत विरघळला, परवाना विरघळला नाही. आणि जे दाखवाल त्याला सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं.

तिसरं, आणि हे बहुतेक जण विसरतात: परमिट रूमचा परवाना मंजूर नकाशावर असतो. वरचा हॉल त्या नकाशात आहे का? नसेल तर तिथे ग्लास नेणं हाच भंग. उत्पादन शुल्कवाले सिनेमा कुठला चाललाय ते बघणार नाहीत, नकाशा बघतील.

गाण्यांचे परवाने वेगळे. आता मामा लावत असलेल्या स्पीकरचे तरी आहेत का, हे इथे विचारत नाही.

भडंगप्रेमी

वकीलसाहेब, धाग्याचा पहिल्याच प्रतिसादात मुडदा पाडलात की ओ.

पडदानशीन

जुने सिनेमे लावा! आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. म्हणजे १९६४ पर्यंतचे सगळे मोकळे झाले. आणि बारसाठी तर हातचा सिनेमा आहे, 'ब्रँडीची बाटली', १९३९, मास्टर विनायक दिग्दर्शक, अत्रे लेखक. उद्घाटनालाच लावा, पेपरवाले आपोआप येतील.

कोर्टाची_पायरी

कल्पना झकास आहे, पण अर्धीच बरोबर. सिनेमाचा हक्क प्रदर्शनापासून ६० वर्षं, हे खरं. पण त्याच्या पोटातल्या साहित्याचा, म्हणजे कथा, संवाद, गीतं यांचा हक्क लेखक गेल्यापासून ६० वर्षं मोजतात. अत्रे १९६९ ला गेले. म्हणजे २०२९ संपेपर्यंत कोणी भांडायचं म्हटलं तर भांडू शकतो. भांडेलच असं नाही. पण उद्घाटनाला पेपरवाले येणार असतील तर भांडणारेही पेपर वाचतात.

शिवाय हक्क मोकळा झाला म्हणजे प्रिंट हातात आली असं होत नाही. कोणीतरी साफसूफ केलेली प्रत यूट्यूबवरून उतरवून लावणं हा पुन्हा वेगळा प्रश्न.

नाट्यपंढरी_सांगली

मी जरा कडू लिहिणार आहे, रागावू नका.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. अजूनही ५ नोव्हेंबरला भावे गौरव पदक द्यायला महाराष्ट्रातली मोठमोठी नटमंडळी इथे येतात. या गावच्या प्रेक्षकाला समोरच्याचं ऐकायची सवय आहे. तिथे आता माणसं तोंडात काजू टाकत, वेटरला हाका मारत सिनेमा बघणार. कलाकृती म्हणजे पापडाबरोबरची चटणी झाली. एकपडदा टॉकीज एकेक करून बंद पडल्या तेव्हा कोणाला दुःख झालं नाही, आणि आता बारमध्ये पडदा लागणार म्हणून कौतुक!

विट्याचा_नाना

नाट्यपंढरी, तुमचा मान राखून सांगतो, गावातल्या प्रेक्षकाला ऐकायची सवय होती हे तुम्ही पहिल्या रांगेतनं बघितलेलं दिसतंय.

आम्ही सिनेमा शिकलो जत्रेत. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरली की तंबू टॉकीज उभ्या राहायच्या. ट्रकमध्ये प्रोजेक्टर, समोर तंबू, मध्ये बाया-पुरुषांना वेगळं करायला दोरी. जमिनीवर बसायचं, खाली भुसा नाहीतर नुसती ढेकळं. बाहेर जनरेटर असा धडधडायचा की हळू बोललेला संवाद कोणाला ऐकूच यायचा नाही, तरी सगळ्यांना पाठ. आत येणाऱ्यांत पिऊन आलेले कमी नसायचे. तंबूचा मालक दारात उभा राहून वास घ्यायचा आणि लई झालेल्याला मागच्या खांबापाशी बसवायचा. तिकीट परत द्यायचा नाही, बाहेरही काढायचा नाही. तिथे तो माणूस झोपायचा किंवा हिरोच्या आईसाठी रडायचा. मारामारी झाल्याचं मला तरी आठवत नाही.

तर मामांना म्हणावं, पडद्यापेक्षा तो दारातला माणूस आधी शोधा.

भडंगप्रेमी

+१. मागचा खांब माझ्या नावावर लिहून ठेवा.

हडसनकाठचा_सांगलीकर

न्यूयॉर्कातून लिहितोय. इथला थोडा इतिहास सांगतो, मामेभावाच्या कामाला येईल.

अमेरिकेत मद्यपानबंदी उठली १९३३ ला, पण न्यूयॉर्क राज्यात सिनेमाच्या हॉलात बसल्या जागी दारू द्यायला पुढेही बंदीच होती. ती गेली २०११ मध्ये. ब्रुकलिनचं नाइटहॉक नावाचं छोटं थिएटर त्यासाठी झगडलं. त्याच्या आधीच, १९९७ ला, टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये एका नवरा-बायकोनं अलामो ड्राफ्टहाऊस काढलं होतं. पुढे त्याची साखळी झाली आणि २०२४ मध्ये सोनी पिक्चर्सनं ती विकत घेतली.

तिथली जुनी पद्धत नीट बघण्यासारखी होती. प्रत्येक खुर्चीपुढे अरुंद फळी. फळीवर कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन्सिल. काय पाहिजे ते लिहायचं आणि चिठ्ठी उभी करून ठेवायची. वेटर वाकून यायचा, चिठ्ठी उचलायचा, एक शब्द बोलायचा नाही. कोणी बोलत असेल किंवा फोन काढला असेल तर त्याचीही तक्रार तशीच चिठ्ठीवर लिहायची. एकदा समज द्यायचे, दुसऱ्यांदा बाहेर, पैसे परत नाहीत. ही शिस्त एवढी कडक की लोक तिच्यासाठीच जायचे.

दुसरं उदाहरण मामांच्या जवळचं. ब्रुकलिनमध्ये व्हिडिओलॉजी नावाची जागा होती. २००३ ला सुरू झाली ती व्हिडिओ कॅसेट-डीव्हीडी भाड्यानं देणारी लायब्ररी म्हणून. तो धंदा बसला तेव्हा त्यांनी पुढे बार केला आणि मागे पडद्याची खोली. पुढच्या भागात गप्पा, प्रश्नमंजुषा, आरडाओरडा. मागच्या खोलीत सिनेमा. ज्याला जे पाहिजे ते. २०१८ ला तेही बंद झालं, पण मधली वर्षं ती गल्ली तिथेच जमायची.

माझं म्हणणं एवढंच की अलामोनं थिएटरात दारू आणली, म्हणून तिथे नियम थिएटरचे. मामा दारूच्या हॉलात थिएटर आणतायत. तिथे नियम कोणाचे हे पडदा विकत घ्यायच्या आधी ठरवायला हवं. दोन्हींचे चालणार नाहीत.

आमराईकर

बापरे, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. नकाशाचं मामांना विचारलं. ते गप्प झाले. म्हणजे बघायला लागेल.

कुपवाडचा_वायरमन

आता जरा तांत्रिक. मी हॉल, शाळा, मंगल कार्यालयं अशा ठिकाणी प्रोजेक्टर बसवायची कामं करतो, त्यामुळे यातल्या खोड्या माहीत आहेत.

१५० इंच म्हणजे साधारण ११ फूट रुंद आणि ६ फूट उंच. तुमच्या हॉलची उंची १० फूट धरतो. वरून अर्धा फूट सोडला तर पडद्याची खालची कड येते साडेतीन फुटांवर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांवर. म्हणजे मागच्याला खालच्या ओळीतली सबटायटलं दिसायचीच नाहीत, पुढच्याचं टक्कल दिसेल. एक तर पडदा १२० इंचाचा करा, नाहीतर मागच्या दोन रांगांना सहा-आठ इंचाचा लाकडी चौथरा द्या. चौथरा दिलात तर कडेला दिव्याची पट्टी लावा. प्यायलेला माणूस अंधारात पायरी विसरतो.

साध्या प्रोजेक्टरला ११ फूट चित्रासाठी १५-१७ फूट अंतर लागतं. म्हणजे तो हॉलच्या मधोमध छताला येणार. तुमच्या फोटोत (खाजगी संदेशातून मिळाला) तिथे पंखा आहे. पातं किरणाच्या आडवं आलं की चित्र असं फडफडतं की न पिता चक्कर येईल.

लोक दुकानात जाऊन ल्युमेन (यंत्राच्या उजेडाचं माप) विचारतात. तीन हजार ल्युमेन या आकाराला अंधारात पुरतात. भानगड वेगळीच आहे. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही, काळं म्हणजे पडद्यावर उजेड नसणं. हॉलात ट्यूबलाइट चालू असेल तर काळ्याचा राखाडी होतो, मग सहा हजार ल्युमेनचं यंत्र आणा नाहीतर दहा. रात्रीचा प्रसंग आला की पडद्यावर फक्त पांढरे दात. म्हणून पैसे यंत्रापेक्षा दिव्यांवर घाला. टेबलाखाली पिवळे बारीक दिवे, उजेड फक्त खाली. किचनच्या दाराला दुहेरी जाड पडदा, कारण दर दोन मिनिटांनी ते दार उघडणार आणि आतला पांढरा झोत सरळ नायिकेच्या तोंडावर.

आवाज. दोन मोठे डबे समोर ठेवून ठणाणा करू नका. पुढचे बहिरे होतात आणि मागचे "आवाज वाढव" म्हणून ओरडतात. छोटे सहा-आठ स्पीकर भिंतीला, सगळे हळू. सबवूफर बाटल्यांच्या रॅकपासून लांब ठेवा. एका ठिकाणी तो काउंटरला चिकटून ठेवला होता, पडद्यावर स्फोट झाला की मागच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणायच्या आणि गल्ल्यावरचा माणूस दर वेळी दोन्ही हात पसरून रॅकला मिठी मारायचा. बघणारे सिनेमा सोडून त्यालाच बघायचे.

केबल १५ मीटरची असेल तर साधी एचडीएमआय दगा देते, ऑप्टिकल घ्या. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर त्याला छोटा यूपीएस हवाच. वीज गेली आणि आतला पंखा बंद पडला तर तापलेला दिवा जातो. लेझर घेतलात तर सुरुवातीला महाग, पण वीस हजार तासांची बात असते आणि दिव्याची कटकट नाही.

एक बरं आहे, हॉल वरच्या मजल्यावर आहे. २०१९ ला गावभागात तळमजल्याला ठेवलेल्या कोणाकोणाच्या साउंड सिस्टीम कृष्णेनं नेल्या ते आठवतंय ना? विश्रामबाग तशी उंचावर आहे, तरी वरचा मजला तो वरचा मजला.

खर्डेघाशी

वायरमनदादांना दंडवत. आता हिशोबाचं.

मामांचा प्रश्न मला सगळ्यात शहाणा वाटला. परमिट रूम चालतं गप्पांवर. गप्पा रंगल्या की "अजून एक रिपीट". सिनेमा रंगला की हात ग्लासवर आणि ग्लास तसाच. पहिल्या अर्ध्या तासात ऑर्डरी येतील, मग कथा पकडली की शांतता, आणि मध्यंतराला सगळा हॉल एकदम मागणार. दहा मिनिटांत पंधरा टेबलांचं जेवण कुठलं किचन देतं? मध्यंतर संपल्यावर सुकं मटण आलं तर ते थंड आणि गिऱ्हाईक तापलेलं.

म्हणून ऑर्डर सिनेमाच्या आधी घ्यायची, दोन हप्त्यांत द्यायची. मेनू आखूड ठेवायचा. आणि रस्सा वर्ज्य! अंधारात तांबडा रस्सा म्हणजे सोफ्याचं रेक्झिन गेलं, शर्ट गेला आणि हाडकं सकाळी सोफ्याच्या फटीत. मसाला पापडही नको, त्याचा कुरकुर आवाज पडद्यावरच्या कुजबुजीपेक्षा मोठा. खारे शेंगदाणे, चीजचे तुकडे, कबाब, उकडलेली अंडी असलं काहीतरी.

बिलावर आधीच दोन कर असतात, खाण्यावर जीएसटी आणि दारूवर व्हॅट. तिकीट लावलंत तर तिसरा हिशोब. पण काहीतरी किमान रक्कम आधी घ्या आणि ती बिलात वळती करा. नाहीतर एका बिअरवर चार पोरं तीन तास एसी खाणार.

अवांतर: तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यात द्राक्षाखाली एवढी जमीन, पलूसला सरकारनं वाईन पार्क काढलं, आणि आपल्या बारच्या कार्डावर वाईन सगळ्यात शेवटी, तीही एक. सिनेमाबरोबर हळूहळू पिण्यासारखं पेय ते खरं. मामांनी इथल्या वायनरीशी बोलून बघावं.

नाट्यपंढरी_सांगली

शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. बाकी सगळ्याशी असहमत, पण पापडाचा मुद्दा तुम्ही मान्य केलात याची नोंद घेतो.

हळदीकुंकू

सगळे पुरुषच बोलताय म्हणून मध्ये पडते.

आमच्या घरचा नेहमीचा देखावा असा: नवरा "पार्सल घेऊन आलो" म्हणून आत जातो आणि मी गाडीत काचा वर करून बसते. येणारा-जाणारा वाकून बघतो. 'फॅमिली रूम' म्हणून जी पाटी असते तिच्या मागे बहुधा एक खोली, चार टेबलं आणि शेजारी पुरुषांची मुतारी.

मला सिनेमा बघायला आवडतो. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नचा भाव बघून पोटात गोळा येतो. मामांनी खरंच हे केलं तर मी मैत्रिणींबरोबर येईन, आमच्यातल्या दोघी वाईन घेतील, मी लिंबू सोडा. पण जिना खालच्या बारमधून असेल तर येणार नाही. वेगळा जिना, त्यावर दिवा, आणि कडी लागणारं स्वच्छ बाथरूम. एवढं दिलंत तर हॉल भरायला सिनेमा कुठला आहे हे आम्ही विचारणारही नाही. आणि बायका आल्या की मागच्या खांबाचा बंदोबस्त आपोआप होतो, नानांना विचारा.

विट्याचा_नाना

दोरी सोडली तर ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं.

कॉलेजकॉर्नर

मी पुण्यात असताना अशा एका ठिकाणी गेलो होतो. नाव नको. छान होतं सगळं, पण पडद्यावर बाप मरायला टेकलाय आणि शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचा केक आला. टाळ्या, मेणबत्ती, मोबाईलचा फ्लॅश. बाप मेला तेव्हा तिकडे "हॅपी बर्थडे टू यू". वेटरला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, त्यांचं बिल मोठं आहे."

बाकी एक मजा मात्र तिथेच. पडद्यावर कोणी ग्लास उचलला की कोपऱ्यात 'मद्यपान आरोग्यास हानिकारक' अशी पाटी यायची. ती आली रे आली की सगळा हॉल ग्लास उंच करून "चिअर्स". असं तीन तासांत किती वेळा झालं विचारू नका.

@आमराईकर, आपल्याकडं ते गच्चीवर करायला काय हरकत आहे? हिवाळ्यात भारी वाटंल.

कोर्टाची_पायरी

गच्ची नको. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, २००० चे नियम आहेत. आठला सुरू केलात तर नायक आणि खलनायक समोरासमोर यायला आणि शेजारच्या बंगल्यातून फोन यायला एकच गाठ पडायची.

आणि राहिलेला विषय: वय. विदेशी मद्याला २५, सौम्य बिअरला २१. कॉलेजकॉर्नर, तुमच्या कंपूला ओळखपत्र लागणार. सिनेमामुळे पोरं जास्त येतील, म्हणून दारातल्या माणसाला हे शिकवून ठेवा.

हडसनकाठचा_सांगलीकर

तो केकवाला किस्सा मी वर लिहिलेल्या प्रश्नाचं उत्तरच आहे. तिथे नियम बिलाचे होते.

कुपवाडचा_वायरमन

तीन तासांनी घरी कसं जाणार हेही बघा. विश्रामबागेतून मिरजेला, कुपवाडला रात्री अकरानंतर रिक्षा सहज मिळत नाही. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की पहिल्या वेळेलाच दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. मामांनी ओळखीतल्या दोन रिक्षावाल्यांना सिनेमा सुटायची वेळ सांगून ठेवली तर त्यांचाही धंदा होतो.

पडदानशीन

माझा अत्र्यांचा सिनेमा वकीलसाहेबांनी मारला, म्हणून दुसरा मार्ग सुचवतो. आपल्या जिल्ह्यातली पोरं लघुपट करतात, महोत्सवांना पाठवतात, पण गावात दाखवायला जागा नाही. महिन्यातून एक दिवस त्यांच्यासाठी ठेवा. हक्क त्यांचेच असतात, लेखी परवानगी आनंदानं देतील. सेन्सॉरचं प्रमाणपत्र असलेलेच निवडा म्हणजे तोही प्रश्न नाही. वीस मिनिटांचा लघुपट संपला की दिवे लावायचे, करणारा पोरगा समोर उभा राहणार, लोक प्रश्न विचारणार, आणि तेवढ्यात ऑर्डरी. खर्डेघाशींचा मध्यंतराचा प्रश्नही सुटला. पूर्ण लांबीचा मराठी सिनेमा लावायचा तर निर्मात्याशी थेट बोला. थिएटरातून चार दिवसांत उतरलेल्या सिनेमाचा निर्माता फोन उचलतो.

नाट्यपंढरी_सांगली

हे असेल तर मी येईन. पिणार नाही. पहिल्या रांगेत बसेन.

भडंगप्रेमी

पहिल्या रांगेत बसून न पिणाऱ्यानं किमान रक्कम भरायची का? खर्डेघाशी, निकाल द्या.

खर्डेघाशी

भरायची. बदल्यात दोन प्लेट कबाब आणि ताक.

आमराईकर

सगळ्यांचे आभार. काल हा सगळा धागा मामांना मोठ्यानं वाचून दाखवला. अजामीनपात्र या शब्दाला त्यांनी चष्मा काढला, रेक्झिनला परत घातला.

सद्यस्थिती अशी. वरचा हॉल मंजूर नकाशात नाही, तो घालून घ्यायला अर्ज करायचा आहे. तोवर वर दारू नाही. सिनेमाच्या जागेच्या परवान्यासाठी मिरजेतले एक ओळखीचे वकील बघतायत (तुम्ही नाही ना हो, कोर्टाची_पायरी?). ओटीटी रद्द. सुरुवात क्रिकेटच्या सामन्यांनी करायची, त्यासाठी डीटीएचचं व्यापारी कनेक्शन घ्यायचं, घरचं चालत नाही हे कळलं. सिनेमा फक्त गुरुवारी, कारण गुरुवारी निम्मी सांगली पीत नाही आणि हॉल असाही रिकामाच असतो. पहिले काही गुरुवार लघुपटांचे. पडदानशीन, खाजगी संदेश बघा, पोरांची नावं तुम्हीच गोळा करायची आहेत. बाहेरून लोखंडी जिना आधीपासून आहे, तिथे दिवा आणि पत्रा लावायचं मामींनी ठरवलं. हळदीकुंकूताईंचा प्रतिसाद त्यांनी स्वतः दोनदा वाचला. बाथरूमची कडी कालच बसली.

वाढदिवसाचे केक फक्त खाली. हे मामेभावानं पाटीवर लिहून आणलंय.

एकच अडलंय. पडदा १२० चा ठरला, पण मामा तो मधला पंखा काढू देत नाहीत. म्हणतात, एसी बंद पडला तर लोक पंख्याखाली तरी बसतील.

कुपवाडचा_वायरमन

मग शॉर्ट थ्रो घ्या. पडद्यापासून चार-पाच फुटांवर बसतो, पंख्याच्या पुढे. साध्यापेक्षा महाग पडेल, पण मामांशी वाद घालण्यापेक्षा स्वस्त. शनिवारी टेप घेऊन येतो, सोफे अजून उचलू नका.